रोजकीर्द आणि खतावणी : संगणकाची

शाळेच्या कार्यालयातला हिशेब असो, पतपेढीचा असो किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याचा असो, हिशेब लिहिणाऱ्यापाशी निदान दोन वह्या असतात. एक रोजकीर्द. तिच्यात दिवसभरात जे जसे घडले ते त्याच क्रमाने, एकाखाली एक लिहायचे. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येकाचे पान वेगळे. कोणाकडे किती येणे, कोणाची किती शिल्लक, हे पान उघडले की कळते. आपल्या आजच्या विषयापुरते आपण असे धरू या, की खतावणीच्या पानावर फक्त आजची शिल्लक लिहिलेली आहे. जुनी शिल्लक खोडून तिथेच नवी लिहायची.

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. यांपैकी एकच वही वाचवता येणार असेल, तर कोणती वाचवाल? बहुतेक मुले खतावणी म्हणतील. शिल्लक तिच्यातच तर आहे! पण थोडा विचार केला की उत्तर बदलते. पहिल्या दिवसापासूनची रोजकीर्द हातात असेल, तर नुसत्या बेरजा-वजाबाक्या करत गेल्यास सगळी खतावणी पुन्हा तयार होते. उलट खतावणीवरून रोजकीर्द तयार करता येत नाही. मीनाची शिल्लक 60 रुपये आहे एवढ्यावरून ती एकदाच साठ भरल्याने झाली की शंभर भरून चाळीस काढल्याने, हे कोण सांगणार?

ही दोन वह्यांची पद्धत जुनी आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या तीन वह्या सांगितल्या आहेत : घाईत टिपण्याची कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. त्यात एक बारकावा आहे. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत उतरवली की तिच्यावर रेघ मारायची, म्हणजे कुठवर काम झाले ते पाहताक्षणी कळते. ही रेघ लक्षात ठेवा. ती पुढे आपल्याला भेटणार आहे. आपल्याकडेही पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचा मोठा संग्रह आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचा किती उपयोग झाला, हे इतिहासाच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

संगणकातील डेटाबेस, म्हणजे बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे, परीक्षा मंडळाचे गुण यांचा साठा, ही एक प्रचंड खतावणी असते. आणि तिच्या जोडीला बहुतेक सगळ्या गंभीर कामाच्या डेटाबेसमध्ये एक रोजकीर्दही असते. तिला जर्नल म्हणतात, कोणी लॉग म्हणतात. वापरणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. खिडकीपलीकडचा कारकूनही ती उघडून पाहत नाही. पण सगळा भरवसा तिच्यावर असतो.

संगणकाला ही दुसरी वही का लागावी? खतावणीत थेट लिहिले तर काय बिघडते? बिघडते ते वेळेमुळे आणि विजेमुळे. खतावणीची पाने डिस्कवर जागोजागी विखुरलेली असतात. प्रत्येक नोंदीसाठी योग्य ते पान शोधून डिस्कवर लिहीत बसले तर काम रेंगाळते. म्हणून संगणक पाने तात्पुरत्या स्मृतीत आणून तिथेच बदलतो आणि सवडीने डिस्कवर टाकतो. पण वीज गेली की तात्पुरती स्मृती कोरी होते. मग बदललेली पाने गेलीच. यावर तोड म्हणजे रोजकीर्द. तिच्यात शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ लिहायची, पाने उलटावी लागत नाहीत, म्हणून ती भराभर लिहून होते. नियम एकच आणि तो कडक : व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत, तीही डिस्कवरच्या, पोचल्याखेरीज ग्राहकाला ‘झाले’ असे सांगायचे नाही. खतावणी मागाहून सावकाश लिहिली तरी चालते. वीज गेली, परत आली, की संगणक रोजकीर्द उघडतो, शेवटची रेघ कुठे आहे ते पाहतो आणि तिच्यापुढच्या नोंदी पुन्हा खतावणीत उतरवतो. पाचोलीच्या रेघेला इथे ‘चेकपॉइंट’ म्हणतात, इतकेच.

या विचाराला नेटका आकार देणाऱ्यांत अमेरिकेतील जिम ग्रे हे नाव मोठे. व्यवहार अर्धवट राहू नये यासाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल त्यांना 1998 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांबरोबर 1992 साली ‘एरीज’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्या अनेक डेटाबेसनी ती थोड्याफार फरकाने उचलली.

वीज जाणे हे तसे किरकोळ संकट. डिस्कच निकामी झाली, किंवा कोणी चुकून खतावणीच पुसली तर? त्यासाठी बॅकअप, म्हणजे खतावणीची नक्कल, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. नक्कल आहे म्हटले की लोक निर्धास्त होतात. पण नक्कल काल रात्रीची असते आणि संकट आज दुपारी येते. मधल्या वेळात घडलेले सगळे फक्त रोजकीर्दीत असते. म्हणून डेटाबेस पुन्हा उभा करणे हे दोन पायऱ्यांचे काम आहे. आधी नक्कल जागेवर ठेवायची, मग तिच्यावर रोजकीर्द चालवायची. पहिली पायरी हमालीची. दुसऱ्या पायरीला मात्र संगणक प्रश्न विचारतो. कुठल्या फायलीपासून सुरू करू? कुठे थांबू? चूक आढळली तर पुढे जाऊ का? या प्रश्नांची उत्तरे म्हणजे जर्नलचे ‘पर्याय’. ती वाटतात तितकी सोपी नाहीत. एक लहानसा हिशेब घेऊन पाहू या.

एका वर्गाची बचतपेटी आहे. सोमवारी संध्याकाळी खतावणीची झेरॉक्स काढली. तेव्हा संगीताचे 50, रफिकचे 80, जॉनचे 40 आणि मीनाचे 60 रुपये होते. एकूण 230. मंगळवारी रोजकीर्दीत पुढील नोंदी झाल्या :

नोंद 41 : संगीताने 20 भरले, शिल्लक 70.
नोंद 42 : रफिकने 10 काढले, शिल्लक 70.
नोंद 43 : संगीताने जॉनला 15 दिले. संगीता 55, जॉन 55, व्यवहार पूर्ण.
नोंद 44 : सगळ्यांची शिल्लक 0.
नोंद 45 : मीनाने 30 भरले, शिल्लक 30.

नोंद 44 ही अर्थातच कोणाची तरी चूक. नव्या वर्षाची वही सुरू करण्याच्या नादात मॉनिटरने चालू वहीच कोरी केली. चूक लक्षात आली ती मीनाने पैसे भरल्यानंतर.

आधी कुठून सुरुवात करायची ते पाहू. झेरॉक्स सोमवार संध्याकाळची, म्हणून 41 पासून, हे सोपे झाले. पण झेरॉक्स काढायला तासभर लागत असेल आणि त्या तासात व्यवहार चालूच असतील तर? बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटाबेस नक्कल काढण्यासाठी बंद ठेवता येत नाही. मग पहिली पाने पाच वाजताची आणि शेवटची सहा वाजताची, अशी नक्कल तयार होते. ती कुठल्याच एका क्षणाची खरी नसते. समजा, 43 वी नोंद नेमकी त्या तासात झाली असती, तर संगीताच्या पानावर 15 कमी न होता ते जॉनच्या पानावर मात्र वाढलेले दिसले असते. तेव्हा रोजकीर्द नक्कल काढायला सुरुवात केली त्या क्षणापासून चालवावी लागते आणि नक्कल संपली त्या क्षणापर्यंत तरी चालवावीच लागते. त्याआधी थांबायला डेटाबेस नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

पण असे केल्याने काही नोंदी दोनदा लागू होणार नाहीत का? इथे रोजकीर्दीत काय लिहिले आहे याला महत्त्व येते. ‘20 वाढवा’ एवढेच लिहिले असेल, तर दोनदा लागू केल्यावर संगीताला फुकटचे 20 रुपये मिळतील. ‘शिल्लक 70’ असे लिहिले असेल, तर तीच नोंद दहादा चालवली तरी शिल्लक 70 च राहते. म्हणून बरेच डेटाबेस झालेला बदल न लिहिता बदलानंतरची स्थिती लिहितात. शिवाय प्रत्येक पानावर शेवटी लागू झालेल्या नोंदीचा क्रमांकही टाकून ठेवता येतो. नोंद त्याहून जुनी असेल तर ती सोडून द्यायची. मुलांना हे खेळातून चटकन समजते. ‘दोन पावले पुढे जा’ आणि ‘पाचव्या फरशीवर उभा राहा’ या दोन आज्ञा दोन-दोनदा देऊन पाहा.

आता खरा पेच, थांबण्याचा. 44 च्या आधी थांबलो तर संगीता 55, रफिक 70, जॉन 55, मीना 60. एकूण 240. सोमवारच्या 230 मध्ये 20 आले आणि 10 गेले, म्हणजे हिशेब जुळला. पण मीनाचे 30? ते तिने खरोखरच दिले होते. ते पेटीत आहेत, वहीत नाहीत. बरे, 45 पर्यंत चालवावे तर वाटेत 44 आहे. तीही लागू होणार आणि सगळे शून्य होणार.

‘मग 44 तेवढी वगळून 45 चालवू,’ असे कोणीतरी म्हणेलच. वर्गात म्हणू द्या आणि करूनही पाहू द्या. 45 काय सांगते? मीनाची शिल्लक 30. म्हणजे 60 वर 30 ची भर पडून 90 व्हायला हवेत तिथे मीनाला 30 मिळाले! कारण 45 वी नोंद 44 च्या जगात लिहिली गेली होती. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद तिच्या आधीच्या सगळ्या नोंदींवर उभी असते. मधलीच काढून घेतली की पुढच्या नोंदींचा अर्थ बदलतो. थांबण्याची जागा निवडता येते, मधल्या नोंदी निवडून गाळता येत नाहीत. काही डेटाबेस ठरावीक भागाच्याच नोंदी चालवण्याची मुभा देतात. तो भाग इतरांपासून पूर्ण स्वतंत्र असल्याची खात्री असेल तरच ती घ्यावी.

जाणकार अशा वेळी दोन टप्प्यांत काम करतात. 43 पाशी थांबून डेटाबेस उभा करायचा. त्यानंतरच्या नोंदी वेगळ्या ठेवून माणसांनी वाचायच्या आणि खऱ्या व्यवहारांची नव्याने नोंद करायची : ‘मीनाने 30 भरले, शिल्लक 90.’ हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. चूक कोणती आणि खरा व्यवहार कोणता, हे रोजकीर्दीला कळत नाही. तिच्या लेखी 44 आणि 45 सारख्याच.

पोस्टग्रेस हा जगभर विनामूल्य वापरला जाणारा डेटाबेस. त्याची सुरुवात 1986 साली बर्कलेच्या विद्यापीठात झाली आणि हव्या त्या क्षणापर्यंत रोजकीर्द चालवण्याची सोय 2005 सालच्या आठव्या आवृत्तीपासून आली. त्यात थांबण्याची वेळ सांगता येते, व्यवहाराचा क्रमांक सांगता येतो किंवा आधीच नाव देऊन ठेवलेली खूण सांगता येते. ज्या व्यवहारापाशी थांबायचे तो धरून की सोडून, हेही सांगावे लागते. न सांगितल्यास पोस्टग्रेस तो धरून चालतो. म्हणजे आपल्या उदाहरणात ‘44 पाशी थांब’ एवढेच सांगितले तर सगळे शून्य! ठरलेल्या जागी पोचल्यावर तो आपण होऊन पुढे न जाता थांबून राहतो. माणसाने डोकावून पाहावे, ठीक असेल तर कामाला लावावे, उशिराचा क्षण हवा असेल तर पुढे चालवावे. मागे मात्र जाता येत नाही. मागे जायचे तर पुन्हा नकलेपासून सुरुवात. म्हणून शंका असेल तेव्हा थोडे अलीकडेच थांबलेले बरे, असे आम्हाला वाटते.

यातली एक सोय आम्हाला फार आवडते. 43 पाशी थांबून डेटाबेस पुन्हा चालू केला की नव्या नोंदी सुरू होतात. नवी 44, नवी 45. मग जुन्या 44 आणि 45 चे काय? त्या पुसल्या गेल्या तर मीनाचे 30 कायमचेच गेले. म्हणून पोस्टग्रेस तिथून एक नवी कालरेषा सुरू करतो. रोजकीर्दीच्या प्रत्येक फायलीचे नाव चोवीस अक्षरांचे असते आणि पहिली आठ अक्षरे कालरेषेचा क्रमांक सांगतात. त्यामुळे जुनी 44 आणि नवी 44 वेगवेगळ्या नावांनी शेजारी-शेजारी राहू शकतात. झाडाला फांदी फुटावी तसे. आपण निवडलेला थांबा चुकीचा निघाला, तरी जुन्या फांदीवर परत जाता येते.

हे सगळे पर्याय संकटानंतरचे झाले. काही पर्याय संकटाच्या कितीतरी आधी निवडावे लागतात आणि तेव्हा त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. रोजकीर्द खतावणीच्याच डिस्कवर ठेवली, तर डिस्क गेली की दोन्ही गेल्या. जुन्या फायली किती दिवस ठेवायच्या? त्या जागा खातात, म्हणून त्या ठरावीक काळाने आपोआप काढून टाकायची सोय असते. पण शेवटची चांगली नक्कल ज्या दिवसाची, तिथपासूनच्या सगळ्या फायली अखंड हव्यात. मधली एक जरी नसली तर तिच्या पुढच्या शंभर फायली निरुपयोगी.

आणि रोजकीर्द लिहायलाच जागा उरली नाही तर? या प्रश्नावर दोन मते आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1960 च्या दशकात ‘मम्प्स’ नावाची प्रणाली जन्मली. तिच्याच वंशातले इंटरसिस्टिम्स कंपनीचे डेटाबेस आज अनेक रुग्णालयांत आहेत. तिथे हा पर्याय उघडपणे विचारला जातो : जर्नल लिहिता येईनासे झाले तर सगळे लिखाण गोठवायचे, की जर्नलशिवाय काम चालू ठेवायचे? गोठवले तर रुग्णाची नवी नोंद करता येत नाही. चालू ठेवले तर काम अडत नाही, पण त्या वेळेत डिस्क गेली तर त्या नोंदी परत मिळवता येत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये रोजकीर्दीची जागा पूर्ण भरली की डेटाबेस बंदच पडतो. आमचे मत गोठवण्याच्या बाजूने आहे. बंद पडलेला डेटाबेस सगळ्यांना दिसतो आणि कोणीतरी धावत येते. रोजकीर्द बंद पडलेली कोणालाच दिसत नाही. अर्थात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचे मत वेगळे असू शकेल.

रोजकीर्द जपून न ठेवल्याची किंमत काय, याचे एक उदाहरण उघड नोंदलेले आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना त्यांचे काम ठेवायला जागा देणारी सेवा. तिची माहिती पोस्टग्रेसमध्ये होती आणि मुख्य डेटाबेसच्या जोडीला दुसऱ्या यंत्रावर त्याची सतत चालणारी प्रत होती. 31 जानेवारी 2017 रोजी कामाचा ताण वाढला आणि दुसरे यंत्र मागे पडले. त्याला हव्या असलेल्या रोजकीर्दीच्या फायली तोवर मुख्य यंत्रावरून काढून टाकल्या गेल्या होत्या. जुन्या फायली दुसरीकडे साठवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये होती, पण ती इथे सुरू केलेली नव्हती. म्हणून प्रत पुन्हा पहिल्यापासून तयार करायचे ठरले. रात्री उशिरा एका अभियंत्याने दुसऱ्या यंत्रावरचा साठा पुसायची आज्ञा दिली, ती चुकून मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. रोजची नक्कल शोधली तर ती तयारच होत नव्हती. नक्कल काढणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे होते. त्याबद्दलच्या इशाऱ्याच्या ई-मेलही नाकारल्या जात होत्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी एक नक्कल काढली होती. तिच्यावरून सेवा उभी राहिली. पण नकलेनंतरच्या सहा तासांवर चालवायला रोजकीर्द नव्हती. सुमारे 5000 प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि 700 नवे सदस्य त्या सहा तासांबरोबर गेले. कंपनीने ही सारी हकिकत स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली. अशा चुका झाकण्याकडे कल असतो तिथे हे विशेष.

बचतपेटीचा खेळ वर्गात घ्यायचा असेल तर दोन गट करा. एका गटाकडे रोजकीर्द, दुसऱ्याकडे खतावणी. दहा-बारा व्यवहार झाल्यावर खतावणी काढून घ्या आणि सुरुवातीची नक्कल द्या. पहिल्या वेळी रोजकीर्द पूर्ण असू द्या. दुसऱ्या वेळी तिचे मधले एक पान गुपचूप काढून ठेवा. तिसऱ्या वेळी एका मुलाला हस्तांतराच्या मध्येच थांबवा, म्हणजे एकाचे वजा झाले, दुसऱ्याचे जमा व्हायचे आहे अशा अवस्थेत. ‘व्यवहार पूर्ण’ हे शब्द नसलेली नोंद ठेवायची की खोडायची, यावर मुलांना वाद घालू द्या. पेटीत खरी नाणी असतील तर वाद जास्त रंगतो.